वाचकांचे प्रश्न : पंक नेमकं कशाला म्हणायचं?

गेल्या अंकात आम्ही सर्वोत्तम पंक गाण्यांची नावं मागवली होती. नावं आली, पण त्याहून जास्त आले ते आक्षेप: हे पंक नाही, ते तर मुळीच नाही. यादी छापण्याआधी या आक्षेपांचा निकाल लावलेला बरा, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : आम्ही चार मित्र वीस गाण्यांची यादी करतो आहोत. दोघांचा हट्ट आहे की १९७९ नंतरचं काहीच घ्यायचं नाही. एकाला ग्रीन डे हवा आहे. नियम कोणता लावावा?

वर्षाची रेघ मारली की काम सोपं होतं, पण बॅड ब्रेन्सचं १९८० मधलं 'पे टू कम' बाहेर जातं, आणि १९७७ साली केस कापून, पँट अरुंद करून आपलीच जुनी गाणी वाढीव वेगात वाजवणारे कितीतरी पब-रॉक बँड आत येतात. हा सौदा तोट्याचा आहे.

तुमच्यातलं भांडण खरं म्हणजे एका शब्दाच्या तीन अर्थांवरून चाललं आहे. पहिला अर्थ काळ आणि ठिकाणाचा: १९७४ पासून न्यू यॉर्कच्या बावरी रस्त्यावरचा सीबीजीबी हा क्लब, १९७६-७७ चं लंडन आणि मँचेस्टर. दुसरा अर्थ आवाजाचा: जलद, खरखरीत गिटार, आखूड गाणं, ओरडून म्हटलेले शब्द. तिसरा अर्थ रीतीचा: जे हाताशी आहे त्यात, कुणाच्या परवानगीची वाट न बघता, गाणं पुरं करायचं. आम्ही तिसरा अर्थ धरतो, पण एका अटीवर. ही रीत गाण्यात ऐकू आली पाहिजे. नुसती मुलाखतीत सांगून चालणार नाही.

ऐकू येणं म्हणजे काय, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण बझकॉक्सचं 'बोअरडम' आहे. गिटारच्या सोलोची जागा येते आणि पीट शेली दोनच स्वर वाजवतो. तेच दोन, पुन्हा पुन्हा. त्याच्या हाताला आणखी स्वर येत नव्हते म्हणून नव्हे. गाणं कंटाळ्याबद्दल आहे आणि त्याला एवढंच लागतं, हे त्यानं ठरवलं होतं. तो ठरवलेला क्षण आपल्याला ऐकू येतो. पंक तिथं आहे.

याच कसोटीवर ग्रीन डेचं 'बास्केट केस' यादीत यावं असं आमचं मत आहे. तिघे वादक, जेमतेम तीन मिनिटं, सुरुवातीला एकटी गिटार आणि एकटा आवाज, आणि बाकीचे दोघे येईपर्यंत जवळजवळ अर्धं कडवं रोखून धरलेला दम. विषय आहे स्वतःच्याच डोक्यातली घबराट. ध्वनिमुद्रण फार स्वच्छ आहे, हा नेहमीचा आक्षेप. पण सेक्स पिस्टल्सचा १९७७ चा अल्बम घ्या: त्याचा निर्माता ख्रिस टॉमस त्याआधी रॉक्सी म्युझिकबरोबर काम करून आला होता, आणि स्टीव्ह जोन्सच्या गिटारचे थरावर थर त्यात चढवलेले आहेत. तो अल्बम गलथान वाटतो तो गाणाऱ्याच्या आवाजामुळे, ध्वनिमुद्रणामुळे नाही.

यादी करताना एक सावधगिरी बाळगा. नवी ध्वनिमुद्रणं आणि जुन्यांच्या नव्या आवृत्त्या मुळातच जास्त मोठ्या आवाजात तयार केलेल्या असतात, आणि कान मोठ्या आवाजाला जोमदार समजतो. एकापाठोपाठ एक ऐकणार असाल तर प्रत्येक गाण्याआधी आवाजाचं बटण फिरवून पातळी सारखी करा. जमल्यास १९७०च्या दशकातल्या गाण्यांची मूळ आवृत्ती मिळवा. एका बँडचं एकच गाणं घ्या, नाहीतर रामोन्स आणि क्लॅश मिळून निम्मी यादी खातील. आणि जो गाणं सुचवेल त्यानं एका वाक्यात सांगायचं की त्यात कोणता निर्णय ऐकू येतो. ते सांगता आलं नाही तर गाणं कितीही आवडतं असो, ते कापा.

प्रश्न : जगातलं पहिलं पंक गाणं कोणतं?

एक नाव देता येत नाही, पण क्रम देता येतो. रामोन्सचं 'ब्लिट्झक्रीग बॉप' फेब्रुवारी १९७६ मध्ये एकेरी तबकडी म्हणून आलं आणि त्यांचा पहिला अल्बम एप्रिलमध्ये. सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून सेंट्सनी '(आय ॲम) स्ट्रँडेड' स्वतःच छापून काढलं. २२ ऑक्टोबरला डॅम्डचं 'न्यू रोझ' आलं. ब्रिटिश पंकची पहिली एकेरी तबकडी ती हीच. सेक्स पिस्टल्सचं 'ॲनार्की इन द यूके' त्यानंतर महिन्याभरानं, २६ नोव्हेंबरला आलं. पुष्कळ जण ते पहिलं मानतात, ते डिसेंबरच्या सुरुवातीला पिस्टल्सनी दूरदर्शनवर दिलेल्या शिव्यांमुळे. वर्तमानपत्रांत गाजण्यात ते पहिले होते, एवढंच खरं.

सेंट्सबद्दल दोन शब्द जास्त. ते लंडनपासून जगाच्या दुसऱ्या टोकाला होते, न्यू यॉर्कशीही त्यांचा संबंध नव्हता, आणि तरी तीच घाई, तोच करवतीसारखा गिटारचा आवाज. म्हणजे हा आवाज एका शहरातून दुसऱ्यात गेलेला नाही. त्याचं बी आधीच सगळीकडे पडलेलं होतं. ते बी म्हणजे १९६०च्या दशकातले गॅरेज बँड आणि डेट्रॉइटची मंडळी. स्टूजेसचं १९६९ चं 'आय वॉना बी युअर डॉग' तीन उतरत्या कॉर्डवर उभं आहे आणि त्यावर पियानोची एकच पट्टी शेवटपर्यंत ठोकलेली आहे. पेरूच्या लिमा शहरात लोस सायकोस या बँडनं 'डेमोलिसिओन' केलं ते तर १९६५ मध्ये. आणि 'पंक रॉक' हा शब्दही १९७६ चा नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी समीक्षक तो याच गॅरेज बँडसाठी वापरत होते. लेनी के यानं १९७२ मध्ये 'नगेट्स' हा संग्रह काढला, त्याच्या टिपणात तो आहे. हाच लेनी पुढे पॅटी स्मिथचा गिटारवादक झाला.

हे सगळे पूर्वज. त्यांना पंक म्हणायला आमची हरकत नाही, पण यादीत घ्याल तर वेगळ्या रकान्यात घ्या.

प्रश्न : आमचा बँड 'ब्लिट्झक्रीग बॉप' वाजवतो. कॉर्ड बरोबर, वेग बरोबर, तरी मूळ गाण्यासारखा दणका येत नाही. कुठं चुकत असेल?

बहुधा उजव्या हातात. जॉनी रामोन प्रत्येक ठोका वरून खालीच मारायचा. आपण वेग गाठण्यासाठी एक खाली, एक वर असं वाजवतो. वर येताना पिकला, म्हणजे तार छेडायच्या चपट्या तुकड्याला, आधी बारीक तारा लागतात, खाली जाताना जाड. त्यामुळे एकाआड एक ठोका हलका पडतो आणि सगळं गाणं लटपटतं.

गाण्याचा वेग मिनिटाला सुमारे १७६ मात्रा आहे. मात्रेला दोन ठोके, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा, आणि ते दोन मिनिटांहून जास्त काळ. मनगट सैल असल्याशिवाय हे होत नाही. मेट्रोनोम १२० वर ठेवा, एकाच कॉर्डवर फक्त खालचे ठोके मारत पूर्ण दोन मिनिटं काढा. शेवटचा ठोका पहिल्याइतकाच भरीव आला तरच चार मात्रा वाढवा. पिकचं टोक बोटांबाहेर ३ ते ५ मिलिमीटरच ठेवा. जास्त ठेवलं तर ते तारांत खोल अडकतं आणि हात थकतो. कोपरापासून हलवू नका. दंड तापायला लागला तर थांबा, दुसऱ्या दिवशी करा. मनगटात कळ आली आणि तरी रेटलं तर महिनाभर गिटार हातात धरता येणार नाही.

डावा हात त्या मानानं सोपा आहे. ए कॉर्ड सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटपाशी, डी त्याच फ्रेटवर पण पाचव्या तारेपासून, ई दोन फ्रेट पुढे. हात जागचा जेमतेम हलतो. उघड्या तारांच्या कॉर्ड वाजवत असाल तर ते आधी सोडा. त्या घुमत राहतात आणि ठोका तुटक येत नाही.

दुसरी चूक ॲम्पमध्ये असते. जोर यावा म्हणून गेन, म्हणजे ॲम्पमध्ये आवाज खरखरीत करणारं बटण, वाढवला जातो, आणि नेमका जोरच जातो. डिस्टॉर्शन म्हणजे आवाजाचे कंगोरे छाटणं. गेन जितका जास्त तितका पिकचा पहिला आघात आणि त्यानंतरचा निनाद यांतला फरक कमी. सेकंदाला सहा ठोके मारले तरी ऐकणाऱ्याला एकच लांब गुणगुण ऐकू येते. गेन हळूहळू इतका उतरवा की ठोके मोजता येतील. मग मधला पट्टा, म्हणजे मिड, वाढवा आणि एकूण आवाज मोठा करा. पुष्कळ जण मिड काढून टाकतात. खोलीत एकट्यानं वाजवताना ते भारदस्त वाटतं, पण ड्रम आणि बास आले की गिटार गायब होते.

गेन जास्तच हवा असेल तर पूर्ण कॉर्ड सोडून फक्त मूळ स्वर आणि पंचम वाजवा, जिला पॉवर कॉर्ड म्हणतात. त्याला कारण आहे. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर निर्माण होतात. षड्ज आणि पंचम यांचं प्रमाण २:३, म्हणून वजाबाकीचा स्वर बरोबर एक सप्तक खालचा षड्ज येतो आणि कॉर्ड आपोआप जाड होते. गंधार मिसळला की गणित बिघडतं, कारण गिटारच्या फ्रेटवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक प्रमाणापेक्षा १४ सेंटनी (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढा असतो. त्यातून निघणारे जादा स्वर कुणाशीच जुळत नाहीत आणि चिखल होतो. जॉनी पूर्ण कॉर्ड वाजवायचा. त्याला ते जमलं कारण त्याचा ॲम्प प्रचंड मोठ्या आवाजात होता, गेनमध्ये बुडालेला नव्हता.

बासवादकानंही पिक घ्यावा आणि गिटारबरोबर तेच दुहेरी ठोके मारावेत. बोटांनी वाजवलेला गोल आवाज इथं कमी पडतो. ड्रमरनं झांजा आवराव्यात. हाय-हॅट पूर्ण उघडी ठेवून बडवली की तिच्या सळसळीत गिटारचे ठोके बुडतात. आणि वेग: प्रत्येक बँड ध्रुवपदात पळतो. तालीम फोनवर रेकॉर्ड करा, पहिल्या आणि शेवटच्या वीस सेकंदांचा वेग मोजा. पाचेक मात्रांपेक्षा जास्त फरक असेल तर दोष ड्रमरचा एकट्याचा नसतो. बहुधा गिटारवादक थकून ठोके आखडते घेत असतो आणि ड्रमर त्याच्यामागे ओढला जातो.

मूळ गाणं ऐकण्याची एक युक्ती आहे. त्या अल्बममध्ये गिटार एका बाजूला आणि बास दुसऱ्या बाजूला ठेवलेली आहे. हेडफोनचा एकच कान लावला की एकेकाचा हात वेगळा ऐकता येतो. याहून चांगला शिक्षक मिळणार नाही.

प्रश्न : मोठ्या कंपनीशी करार केला की बँड पंक राहतो का? क्लॅशनी एक लाख पौंड घेतले होते ना?

घेतले होते, सीबीएसकडून, जानेवारी १९७७ मध्ये. 'स्निफिन ग्लू' या फोटोकॉपी करून निघणाऱ्या पत्रिकेच्या मार्क पेरीनं त्या दिवशी पंक मेलं असं म्हटलं, आणि ते मत आजतागायत उद्धृत होतं. पण त्यानंतर काय झालं ते बघा. कंपनीनं बँडला न विचारता 'रिमोट कंट्रोल' ही तबकडी काढली. क्लॅशनी उत्तर म्हणून 'कम्प्लीट कंट्रोल' लिहिलं, त्यात त्या तबकडीचं नाव घेऊन कंपनीला फटकारलं, जमैकाच्या ली 'स्क्रॅच' पेरीला निर्माता म्हणून बोलावलं आणि सप्टेंबरमध्ये ते गाणं त्याच कंपनीकडून प्रसिद्ध करवून घेतलं. करारानं पंक मेलं असतं तर हे गाणं झालंच नसतं. करार नसता तरीही झालं नसतं.

म्हणून कराराकडे बघून गाण्याचा निकाल देऊ नये असं आम्हाला ठामपणे वाटतं. मात्र स्वतःचं घर स्वतः बांधणाऱ्यांना मान जास्त द्यावा, हेही तितकंच ठाम. वॉशिंग्टनमध्ये १९८० साली सुरू झालेल्या डिसकॉर्ड या स्वतंत्र कंपनीनं तबकड्यांची वेष्टनं हातानं दुमडून चिकटवली आणि किमती कायम कमी ठेवल्या. क्रास या बँडनं वेष्टनावरच कमाल किंमत छापली, म्हणजे दुकानदाराला ती वाढवता येईना. बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट या जागेनं मोठ्या कंपन्यांच्या बँडना मंचच नाकारला, आणि ग्रीन डे तिथंच वाढलेला असूनही करारानंतर त्याला तोच नियम लागला. नियम कडक होता, पण त्या जागेपुरता योग्य होता. तिथं नव्या बँडना वेळ मिळावी हा त्याचा हेतू. तो हेतू विसरून तोच नियम गाण्यांच्या यादीला लावला की घोटाळा होतो.

उलटा दाखलाही आहे. ऑफस्प्रिंगचा 'स्मॅश' १९९४ मध्ये एपिटाफ या स्वतंत्र कंपनीकडून आला आणि त्याच्या जगभर एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. स्वतंत्र म्हणजे लहान, असं समीकरण तेव्हाच मोडलं.

प्रश्न : टेलिव्हिजन या बँडचं 'मार्की मून' जवळजवळ दहा मिनिटांचं आहे, त्यात लांबलचक सोलो आहेत. ते पंक कसं?

सीबीजीबीत १९७४ च्या मार्चपासून वाजवणाऱ्या या बँडनंच त्या क्लबचं दार इतरांना उघडून दिलं, म्हणून इतिहासात ते पंकच. गाणं म्हणून आम्ही ते पंकच्या यादीत घेणार नाही. ते सुंदर आहे, पण त्याचा आनंद विस्तारात आहे. ब्लाँडी आणि टॉकिंग हेड्स यांचंही तसंच: त्याच मंचावरचे, वेगळ्या वाटेनं गेलेले. 'न्यू वेव्ह' हे नाव त्यांच्यासाठी सोयीचं ठरलं, आणि रेडिओवाल्यांना 'पंक' या शब्दाची धास्ती होती म्हणून कंपन्यांनी ते उचलून धरलं.

लांबीचा मात्र नियम करू नका. क्लॅशच्या पहिल्याच अल्बमात ज्युनिअर मर्विनचं रेगे गाणं 'पोलीस अँड थीव्ह्ज' सहा मिनिटं चालतं आणि त्यात काहीही फालतू नाही. दुसऱ्या टोकाला मायनर थ्रेटचं 'स्ट्रेट एज' ४६ सेकंदांचं, वायरच्या 'पिंक फ्लॅग' या अल्बमवरची २१ गाणी ३५ मिनिटांत संपणारी. वायरची रीत सोपी होती: शब्द संपले की गाणं संपलं. त्यातलं एक तर अर्ध्या मिनिटाच्याही आत आटोपतं.

प्रश्न : याद्यांमध्ये सगळी गोरी मुलंच का दिसतात?

याद्या करणाऱ्यांनी ऐकलं नाही म्हणून. पंकमध्ये ती माणसं पहिल्यापासून होती.

पॉली स्टायरीनचे वडील सोमाली होते. तिनं १९७६ च्या उन्हाळ्यात पिस्टल्सना बघितलं, जाहिरात देऊन वादक जमवले आणि एक्स-रे स्पेक्स उभा केला. 'ओ बाँडेज, अप युअर्स!' हे १९७७ चं गाणं घ्या. मुलींना बघावं, त्यांचा आवाज ऐकू येऊ नये अशी जी जुनी समजूत आहे ती ती सुरुवातीला मृदू आवाजात म्हणून दाखवते आणि मग घसा फोडून उलटवते. वर सॅक्सोफोन आहे, आणि तो वाजवणारी लोरा लॉजिक तेव्हा शाळकरी वयाची होती. पंकमध्ये गिटारच हवी असं म्हणणाऱ्यांना हे गाणं ऐकवा.

स्लिट्सनी १९७९ च्या 'कट'मध्ये रेगेची लय घेतली आणि घाई पूर्णपणे सोडून दिली; निर्माता होता बार्बाडोसमध्ये जन्मलेला डेनिस बोव्हेल. डेट्रॉइटमधले तीन हॅकनी बंधू, तिघेही कृष्णवर्णीय, रामोन्सच्या अल्बमाआधीच असं वाजवत होते. त्यांच्या बँडचं नाव डेथ. नाव बदला, अशी अट पुढे आली आणि त्यांनी ती नाकारली. 'पॉलिटिशियन्स इन माय आइज' त्यांनी १९७६ मध्ये स्वतःच काढलं. पूर्ण अल्बम लोकांपर्यंत पोहोचला तो २००९ मध्ये. आणि बॅड ब्रेन्स. जॅझ-फ्यूजनमध्ये तयार झालेले हात त्यांनी वेगासाठी वापरले. म्हणूनच 'पे टू कम' इतकं जलद असूनही त्यातला एकही ठोका घसरत नाही.

एक काळी बाजू लपवू नये. सुरुवातीच्या काही जणांनी केवळ धक्का द्यायला नाझी चिन्ह मिरवलं. ती चूक होती, आणि तिच्या आडोशानं खरे वंशद्वेष्टे मैफलींत शिरले. प्रतिकारही आतूनच झाला. १९७६ मध्ये सुरू झालेल्या रॉक अगेन्स्ट रेसिझम या चळवळीनं ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये मोठी सभा भरवली; क्लॅश, एक्स-रे स्पेक्स आणि रेगे बँड स्टील पल्स एकाच मंचावर होते. डेड केनेडीजनी १९८१ मध्ये अशा नाझी पंकना चालते व्हा म्हणून सांगणारं गाणंच काढलं.

प्रश्न : आमची चार गाणी तयार आहेत, पैसे थोडे आहेत. एका दिवसात रेकॉर्डिंग होईल का?

होईल. बझकॉक्सनी 'स्पायरल स्क्रॅच' २८ डिसेंबर १९७६ या एकाच दिवशी केलं: चार गाणी, उसने घेतलेले ५०० पौंड, पहिल्या खेपेत हजार प्रती. वेष्टनावर त्यांनी प्रत्येक गाणं कितव्या प्रयत्नात झालं आणि वरून काय चढवलं ते छापलं. तीन गाणी पहिल्याच प्रयत्नात आणि वरून एक गिटार. चौथं तिसऱ्या प्रयत्नात, वरून काहीही नाही. डेस्परेट बायसिकल्स आणि स्क्रिटी पोलिटी यांनी पुढे वेष्टनावर खर्चाचे आकडेच छापले, म्हणजे ऐकणाऱ्याला कळावं की हे आपल्यालाही परवडेल. आमच्या मते ती वेष्टनं हा पंकचा सगळ्यात मोलाचा ठेवा आहे.

तुमच्यासाठी क्रम असा. नव्या तारा आदल्या दिवशी लावा आणि ताणून बसवा. त्याच सकाळी लावल्या तर दिवसभर उतरत राहतील. ड्रम सगळ्यात आधी लावा. ढोबळ हिशोबानं त्यालाच दोन तास जातात. तिघे-चौघे एकाच खोलीत, एकदम वाजवा. ॲम्पची तोंडं ड्रमच्या मायक्रोफोनकडे नकोत. आवाजाची शिखरं उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण दुसऱ्या गाण्यापर्यंत सगळे जोरात वाजवायला लागतात आणि डिजिटल यंत्रात शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो तो परत जोडता येत नाही. प्रत्येक गाण्याला तीनच प्रयत्न. तिसऱ्यानंतर अचूकता वाढते आणि जीव कमी होतो. चौथा लागत असेल तर गाणं बाजूला ठेवून पुढचं घ्या. सगळ्यात कठीण गाणं दुसरं ठेवा, हात गरम झालेले आणि अजून थकलेले नसताना.

गाणाऱ्याचा आवाज शेवटी घ्या, पण सगळी गाणी सलग ओरडायला लावू नका. सगळ्यात जास्त घसा लागणारं गाणं शेवटी. वरून दुसरी गिटार चढवायची असेल तर पहिलीच्या ठोक्यांशी ती तंतोतंत बसली पाहिजे. जरा मागेपुढे झाली की दोन गिटारी मिळून एकीपेक्षा पातळ लागतात. मिश्रण करताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गाणाऱ्याला फार पुढे आणणं. शब्द समजावेत, पण तो बँडच्या आत उभा राहिलेला वाटला पाहिजे. लहानशा स्पीकरवर, हळू आवाजात एकदा ऐका. तिथं स्नेअर (ड्रममधला कडकडीत वाजणारा ढोल) आणि गाणाऱ्याचा आवाज दोन्ही ऐकू येत असतील तर बाकीचं जमेल.

सात इंची तबकडी काढणार असाल तर ४५ फेऱ्यांच्या वेगाला एका बाजूला चार-साडेचार मिनिटांपर्यंतच ठेवा. त्याहून लांबवलं तर खाचा दाटीनं कोराव्या लागतात, आवाज लहान होतो, आणि आतल्या खाचांवर 'स' आणि 'श' फिसकारतात.

प्रश्न : सगळ्यांना सल्ला देता, तुमची दहा नावं सांगा.

क्रम लावत नाही. 'ब्लिट्झक्रीग बॉप', '(आय ॲम) स्ट्रँडेड', 'न्यू रोझ', 'बोअरडम', 'ओ बाँडेज, अप युअर्स!', 'कम्प्लीट कंट्रोल' आणि 'पे टू कम' यांची कारणं वर आलीच आहेत. 'न्यू रोझ'बद्दल एवढंच जोडू की सुरुवातीचा रॅट स्केबीजचा ड्रम ऐकला की बाकी पुरावा लागत नाही. आठवं 'ॲनार्की इन द यूके'. ते जलद नाही, लोकांच्या आठवणीत आहे त्यापेक्षा बरंच संथ आहे, आणि त्याचं वजन त्या संथपणातच आहे. शिवाय गायक जॉन लायडननं प्रत्येक शब्दाचं शेपूट ज्या तऱ्हेनं ओढलं आहे ती तऱ्हा त्याआधी कुणी केली नव्हती.

नववं अंडरटोन्सचं 'टीनेज किक्स', उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या पाच मुलांचं, १९७८ चं. बाहेर लष्कर आणि बॉम्ब असताना त्यांनी प्रेमाचं गाणं केलं. त्यात राजकारण नाही म्हणून ते पंक नाही असं दोन वाचकांनी कळवलं आहे. आम्हाला उलट वाटतं. त्या शहरात सगळे ज्या विषयाची अपेक्षा करत होते तो सोडून आपल्याला हवा तो घ्यायचा, हा निर्णयच होता, आणि तो अडीच मिनिटांच्या आत तडीस गेला. बीबीसीच्या जॉन पीलनं ते गाणं ओळीनं दोनदा वाजवलं होतं.

दहावं बिकिनी किलचं 'रेबेल गर्ल', पण १९९३ च्या एकेरी तबकडीवरचं, ज्याची निर्मिती जोन जेटनं केली आणि ज्यात तिनं गिटारही वाजवली. त्याच्या आणखी आवृत्त्या आहेत; यादी करताना कोणती ते लिहायला विसरू नका, नाहीतर दोघे जण दोन वेगळ्या गाण्यांवर वाद घालत बसतात.

अकरावं कुणी विचारलंच तर फुगाझीचं १९८८ चं 'वेटिंग रूम'. हे पंक की पंकनंतरचं, यावर आमच्यातच एकमत नाही. सुरुवातीला बास येते, बँड मिसळतो आणि अचानक सगळे एकदम थांबतात. काही सेकंद पूर्ण शांतता. मग पुन्हा तीच बास. ती शांतता संगणकावर कापून गाणं एकदा ऐका, मग मूळचं ऐका, आणि तुमचं मत आम्हाला कळवा.